आपला गूळ पिवळा नाही

पद्मानं लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला आणि ती बाजूला उभी राहिली. मी तेव्हा गुळाच्या भेल्या कागदात गुंडाळत बसलो होतो. हात चिकट होते, म्हणून मनगटानंच चष्मा वर केला आणि वाचलं.

‘हे पत्र तुमचं वाटत नाही. तुमचा गूळ सोन्यासारखा कधीपासून झाला? तुमची तब्येत बरी आहे ना? – देवयानी कारखानीस, पुणे.’

“कोण ही बाई?” मी विचारलं.

“गिऱ्हाईक.”

“मग तिला काय करायचंय? गूळ घ्यावा आणि गप बसावं.”

बाई म्हणत होती ते, गिऱ्हाइकांना धाडलेलं पत्र मी लिहिलं होतं आणि खाली नाव तिचं होतं. या बाईला ते पुण्यात बसून कसं काय कळलं, हे मला काही केल्या उलगडेना.

ही गोष्ट आता आठ-नऊ वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्ही आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात, पुढच्या खोलीतच गुळाची बांधाबांध करत होतो. मी मार्केट यार्डातनं नुकता निवृत्त झालो होतो. उभा जन्म मी एका अडत दुकानात गुळाचे सौदे पुकारले. शेतकऱ्यांच्या गुळाच्या तीस-तीस किलोच्या ढेपा, आम्ही त्यांना रवे म्हणतो, ओळीनं मांडलेल्या, भोवती व्यापारी उभे आणि मधे मी. शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक माझा आवाज ऐकून इकडं यायचं. यार्डात म्हणायचे, धनपाल मगदूम उभा राहिला की मरगळलेला गूळसुद्धा दोन पैसे वर जातो. बढाई नाही, खरंच जायचा.

आणि माझ्याच घरात पद्मजा. आमची एकुलती एक. हुशार, वाचायचा नाद, पण बोलताना अडायची. घरात आमच्याशी बरंच मोकळं बोलायची. परकं माणूस समोर आलं, की पहिलं अक्षर ओठातच बसायचं, हनुवटी घट्ट व्हायची आणि नजर जमिनीला लागायची. त्यात तिचं नाव ‘प’वरनं. शाळेत बाई विचारायच्या, “नाव काय बाळ तुझं?” की मी खणखणीत सांगायचो, “पद्मजा धनपाल मगदूम!” दवाखान्यात मी सांगायचो, एसटीत तिकीट मी मागायचो. बापाला देवानं दोघांचा आवाज दिलाय, घरातल्या घरात भागतंय, असं मी सगळ्यांना हसत सांगायचो.

ती कॉम्प्युटर शिकली, पुण्याला नोकरीला लागली. काम चोख होतं. पण तिथं रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं ते सांगायचं असायचं. दोन वर्षं तिनं ते काढलं आणि मग बॅग घेऊन परत आली. तिच्या आईनं, म्हणजे मालननं, काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. महिनाभरानं जेवताना तीच म्हणाली, “अप्पा, मी गूळ विकणार. बाळगोंडाकाकांचा.”

मी हसलोच. बाळगोंडा पाटील माझा जुना दोस्त. शिरोळकडं त्याचं गुऱ्हाळ. त्याच्या डोक्यात शिरलं होतं, की गुळात रंग उजळायची पावडर घालायची नाही. मग गूळ व्हायचा तपकिरी, अगदी काथ्याच्या रंगाचा. बाजारात भाव मिळतो पिवळ्या धमक गुळाला. बाळगोंडाचे रवे पुकारताना माझ्यासुद्धा घशाला कोरड पडायची.

“अगं, तो मला यार्डात उभा राहून खपत नव्हता. तू घरात बसून कुणाला विकणार?”

“मेल लिहून,” ती म्हणाली.

मला वाटलं, मेल म्हणजे पेपरात घालून वाटतात तसली हँडबिलं. छापायची आणि सोडायची. पण तिनं मला शेजारी बसवून दाखवलं, तेव्हा कळलं की त्यातही तऱ्हा असतात. कुणी पहिल्यांदा नाव नोंदवलं, की त्याला एक पत्र. त्याची सुरुवात मला अजून पाठ आहे: ‘आपला गूळ पिवळा नाही, हे आधीच सांगते. पिवळाच हवा असेल, तर बाजारात मिळेल आणि स्वस्त मिळेल.’ हे वाचून मी कपाळावर हात मारला होता. गूळ घरी पोचला, की दुसरं पत्र: चहात घालायचा असेल, तर चहा उतरल्यावर घाला, नाहीतर दूध नासेल, पावसात पाझरला तर फेकू नका, कोरड्या डब्यात ठेवा. कुणी वेबसाइटवर येऊन पिशवीत गूळ टाकून तसंच निघून गेलं, तर त्याला वेगळं: ‘तुम्ही गूळ निवडून ठेवलात आणि गेलात. काही अडलं का? नको असेल तर हरकत नाही, पिशवी मी रिकामी करते.’ जुनं गिऱ्हाईक बरेच दिवस फिरकलं नाही, तर त्याला: ‘गूळ आवडला नसेल, तर का आवडला नाही ते सांगाल का?’

“अगं, हे आम्ही यार्डात करतच होतो की,” मी म्हणालो. “नवा व्यापारी आला की त्याला आधी चहा. रोजचा असला की नावानं हाक. हात लावून पुढं गेलेल्याला मागनं आवाज. आणि रुसून बसलेल्याच्या दुकानात आपण होऊन जायचं.”

“तेच,” पद्मा म्हणाली. “फक्त ओरडायचं नाही.”

तो टोमणा मला तेव्हा कळला नाही.

वर्षभरात तिचा जम बसला, बेतानंच. गिऱ्हाइकं पुण्याची, मुंबईची, नागपूरची, चार-दोन तर परदेशातली. काही जण मेल वाचून फोन करायचे आणि तो फोन घ्यायचा मी. “बोला! कोल्हापूर!” असा आवाज लावला, की पलीकडचा माणूस आधी दचकायचा आणि मग हसायचा. पद्मा शेजारी बसून कागदावर उत्तर लिहून द्यायची आणि मी त्याला मीठमसाला लावून सांगायचो. धंदा माझ्या जिभेवर चाललाय, अशीच माझी समजूत होती. तिची नव्हती बहुतेक, पण ती बोलत नसे.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी माल अंगावर आला. तिनं बाळगोंडाला जास्तीचा गूळ सांगून ठेवला होता, आणि दिवाळीनंतर मागणी जरा थंडावली. खोलीत छतापर्यंत खोकी. मालनला देव्हाऱ्यापर्यंत आडवं होऊन जायला लागायचं. पद्माचा चेहरा उतरलेला. मी म्हणालो, “एक पत्र मला लिहू दे. सणाचं पत्र. तुझी पत्रं म्हणजे शाळेच्या बाईची चिठ्ठी वाटते. बाजार असा चालत नाही.”

“अप्पा, नको.”

“अगं, एकदा. बापाचा गळा एकदा वापरून तर बघ.”

थकली होती पोर. हो म्हणाली. मी उभं राहून सांगितलं आणि तिनं टाइप केलं. ‘घ्या घ्या घ्या! संक्रांतीचा सोन्यासारखा कोल्हापुरी गूळ! मोठी सवलत! आज नाही तर कधीच नाही! लुटा!’

“अप्पा, आपला गूळ सोन्यासारखा नाही.”

“म्हणायची पद्धत आहे ती.”

तिनं ते पाठवलं. आणि खोटं कशाला सांगू, गूळ खपला. चार दिवसांत खोकी अर्ध्यावर आली. मी मिशीवर ताव देत घरभर हिंडत होतो. मग पद्मानं दाखवलं, की त्याच चार दिवसांत कितीतरी लोकांनी आपली नावं काढून घेतली होती. मेलच्या तळाशी तशी सोय असते, ‘मला पुन्हा पाठवू नका’ म्हणायची. वर्षभरात दोघं-तिघं सोडले तर तिथं कुणी गेलं नव्हतं.

“जाऊ दे गं, नवीन येतील.”

त्याच संध्याकाळी देवयानीबाईंचं ते पत्र आलं. तुमची तब्येत बरी आहे ना?

पद्मानं त्यांना काय उत्तर लिहिलं ते मला दाखवलं नाही. पण आठवड्यानं फोन वाजला. “बोला! कोल्हापूर!” पलीकडं देवयानी कारखानीस. आणि बाई नुसतं गिऱ्हाईक नव्हत्या. पुण्या-मुंबईकडं किराणा मालाच्या मोठ्या दुकानांची एक साखळी होती, तिथं कुठला माल ठेवायचा हे त्या ठरवायच्या. गूळ त्या स्वतःच्या घरासाठी मागवत होत्या. आता त्यांना तो सगळ्या दुकानांत ठेवायचा होता.

जन्मभर पुकारला नव्हता एवढा माल एका फोनवर. बाई म्हणाल्या, रंग थोडा उजळ करता आला तर बघा, आमचं गिऱ्हाईक आधी रंग बघतं. मी म्हणालो, होऊन जाईल. बाई म्हणाल्या, तुमच्या गिऱ्हाइकांचे मेलचे पत्ते आम्हाला द्यावे लागतील, म्हणजे गूळ आता आमच्याकडं मिळतो हे आम्ही त्यांना कळवू. मी म्हणालो, होऊन जाईल. बाजारात आधी हो म्हणायचं असतं, बाकीचं बसल्यावर बघायचं असतं. पद्माला मी एवढंच सांगितलं, की मोठी ऑर्डर आहे, बाई गुऱ्हाळ बघायला येणार आहेत, तू काळजी करू नको, बोलायचं मी बघतो.

तिनं लॅपटॉप मिटला. “बरं,” म्हणाली.

बाई आल्या तो दिवस अजून डोळ्यापुढं आहे. बाळगोंडाचं गुऱ्हाळ पेटलेलं. भल्यामोठ्या काईलीत रस उकळत होता, वरची मळी काढून झाली होती, सगळ्या शिवारात तो गोड वास. मी इस्त्रीचा सदरा आणि वर जाकीट घालून गेलो होतो. देवयानीबाई पन्नाशीच्या, साध्या, सुती साडीतल्या. बाळगोंडानं त्यांना द्रोणात गरम काकवी दिली, ती त्यांनी बोटानं चाटून खाल्ली. मला वाटलं, झालं, सौदा पटला.

मग चिंचेखाली बाजेवर बसलो. मी सुरू झालो. माती कशी, पाणी कसं, ऊस कुठला, बाळगोंडाचा आजा काय म्हणायचा, यार्डात कुणी काय भाव फोडला. बाई ऐकत होत्या, मधून मान हलवत होत्या. मी श्वास घ्यायला थांबलो, तशा त्या पद्माकडं वळल्या.

“मागच्या उन्हाळ्यात तुम्ही एक पत्र पाठवलं होतं. गुऱ्हाळ बंद झालं, आता विकायला काही नाही, आणि गूळ शिजवणारा गुळव्या आपल्या गावी काय करतोय ते लिहिलं होतं. विकायला काही नसताना पत्र का पाठवलंत?”

“त्याचं काय आहे मॅडम,” मी म्हणालो, “गिऱ्हाईक आपलं—”

पद्मानं माझ्या मनगटावर हात ठेवला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, नुसता हात ठेवला. मी गप्प झालो, ते नवलानं. तिनं असं कधी केलं नव्हतं.

तिला सुरुवात करायला वेळ लागला. हनुवटी घट्ट झाली. मग म्हणाली, “क... काळजी वाटली. लोक वाट बघत राहतील म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच.”

बाई हसल्या. म्हणाल्या, “ते पत्र मी आमच्या ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आमच्याकडं मेल लिहायला अख्खं खातं आहे, तरी असं एक पत्र होत नाही.” मग त्यांनी वही उघडली. “कामाचं बोलू. रंगाचं आणि पत्त्यांचं तुमच्या वडिलांशी फोनवर बोलणं झालंय. ते दोन्ही होईल म्हणालेत.”

पद्मानं माझ्याकडं पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला नुसतं विचारायचं होतं, खरंच? मी काईलीकडं बघायला लागलो. बाळगोंडानं ‘रंग’ हा शब्द ऐकला होता. झारा हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

“रंग न... नाही बदलायचा,” पद्मा म्हणाली. हे त्या मानानं लवकर आलं.

“बरं. त्याचं मी माझ्या वरिष्ठांशी बोलून बघते. पण पत्ते लागतील. त्याशिवाय ते तयार होणार नाहीत. सगळेच देतात.”

पद्मानं तोंड उघडलं. “पर...”

आणि तिथंच ते अडलं.

मला ठाऊक होतं तिला काय म्हणायचंय. मोठी ऑर्डर, घरात माल पडून, बाईंनी सांगितलेला भाव चांगला. परवडेल! परवडेल म्हणायचंय पोरीला. शब्द माझ्या जिभेवर आलासुद्धा. मी एवढंच म्हणायचं होतं, “परवडेल की मॅडम, न परवडायला काय झालं!” आणि बाईंनी सौदा लिहून वही मिटली असती.

पण तिचा हात माझ्या मनगटावर होता. तो तिनं काढला नव्हता.

सौद्यात दोन बोलींच्या मधे शांतता पडू द्यायची नाही, हे मी चाळीस वर्षं पाळलेलं. शांतता पडली की भाव पडतो. इथं शांतताच शांतता. काईलीतला रस फुटफुटत होता. लांब कुठं तरी ट्रॅक्टर. पद्माची नजर जमिनीवर, मान ताठ, पायाचा अंगठा मातीत रुतलेला. बाळगोंडानं तोंड फिरवलं, त्याला बघवेना. देवयानीबाई मात्र हलल्या नाहीत. वहीवर पेन तसंच धरून तिच्याकडं बघत राहिल्या, जशी काही जगात दुसरी घाईच नाही. मी दात आवळून बसलो.

“परवानगी,” पद्मा म्हणाली. “परवानगी नाही मला. ते पत्ते द्यायची. लोकांनी ते मला दिलेत.”

मी गार पडलो. ‘पर’पासनंच सुरू होणारे ते दोन शब्द, आणि मी दुसराच तोंडात धरून बसलो होतो. लहानपणापासनं तिच्या वतीनं मी किती ठिकाणी किती बोललो. त्यातलं तिचं किती होतं, हे तिथं चिंचेखाली पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

ती पुढंही बोलली. थांबत, अडत, पण एकदा लागलेला सूर तिनं सोडला नाही. म्हणाली, हवं तर मी सगळ्यांना पत्र लिहून विचारते. ज्यांना तुमच्या दुकानात घ्यायचाय ते आपण होऊन येतील. ज्यांना माझ्याकडनंच हवाय त्यांना मीच देईन. आणि ते सोन्यासारखं पत्र माझं नव्हतं, पण नाव माझं होतं, तेव्हा त्याचंही मी लिहीन.

बाईंनी वही मिटली. “मग अवघड आहे,” म्हणाल्या. “मी प्रयत्न करते, पण शब्द देत नाही.” जाताना त्यांनी मला नमस्कार केला आणि पद्माचा हात हातात घेतला. गाडी धूळ उडवत गेली.

बाळगोंडा आला आणि म्हणाला, “धनपाल, बुडालो का आपण?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“पण पोरगी बोलली राव.”

घरी आलो तर मालन दारात. “काय झालं?”

“पद्मा बोलली,” मी म्हणालो.

“काय बोलली?”

“नाही म्हणाली.”

मालननं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतीये, तर हसत होती.

दुसऱ्या दिवशी पद्मानं सगळ्यांना पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं, तेव्हा मी एक काना-मात्रासुद्धा बदलला नाही. त्यात लिहिलं होतं, की मागच्या पत्रात गूळ सोन्यासारखा आहे असं म्हटलं होतं. तो तसा नाही, तपकिरीच आहे. ते पत्र माझ्या वडिलांनी लिहिलं, त्यांना गूळ माझ्यापेक्षा जास्त कळतो, पण ते तो मोठ्यानं सांगतात. एका मोठ्या दुकानाला आपला गूळ हवा आहे. त्यांना तुमचे पत्ते हवे होते, ते मी दिले नाहीत. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

लोकांनी लिहिलं. इतकं लिहिलं, की पद्मा उत्तरं देता देता जेवायचं विसरायला लागली. भेल्या गुंडाळायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, “अप्पा, वाचा की मोठ्यानं,” आणि मी वाचायचो. नागपूरच्या एका आजोबांनी लिहिलं होतं, पत्ता दिला नाहीस ते बरं केलंस, आमच्याकडं आधीच नको त्यांचे मेल फार येतात. एका बाईंनी लिहिलं, थोडा पिवळा असता तर आमच्या सासूबाईंची कटकट वाचली असती. कुणी तरी माझी चौकशी केली होती, वडिलांना म्हणावं अधूनमधून ओरडत जा, मजा आली. हे मी दोनदा वाचून दाखवलं.

ते पत्र देवयानीबाईंनाही गेलं होतं, कारण त्याही यादीत होत्याच. त्यांनी ते जसंच्या तसं आपल्या वरिष्ठांपुढं ठेवलं. मग त्यांचा मेल आला: पुण्याला या, साहेबांना तुमच्याशी बोलायचंय. खाली एक ओळ होती, ‘वडिलांना सोबत आणलंत तरी चालेल.’

मी जाकीट धुवायला टाकलं. पद्मा म्हणाली, “अप्पा, मी एकटी जाते.”

मालननं माझ्याकडं पाहिलं. मी जाकीट परत खुंटीला लावलं. सकाळी स्टँडवर तिला सोडायला गेलो. तिकिटाच्या खिडकीशी रांग होती, मागची माणसं कुरकुरत होती. ती खिडकीशी उभी राहून ‘पुणे’ म्हणत होती आणि मी लांब, पेपरच्या गाड्याजवळ उभा होतो. पेपर उलटा धरला होता, हे गाडेवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

दिवसभर मी कुणाशी बोललो नाही. मालन म्हणाली, “तुम्हाला बरं नाही का?”

रात्री नऊच्या सुमारास तिची बस आली. ती उतरली, केस विसकटलेले, पर्स छातीशी धरलेली. चेहऱ्यावरनं काही कळेना. मला विचारायचं होतं, दिली का ऑर्डर, काय म्हणाले, कोण कोण होतं. एकही प्रश्न विचारला नाही. रिक्षावाले मागं लागले होते, “मंगळवार पेठ? बसा की काका.”

“चालत जाऊ या का?” मी म्हणालो.

ती हसली आणि चालायला लागली. स्टेशन रोडला गर्दी होती, हॉर्न वाजत होते, आणि ती सांगत होती. मोठं टेबल, सात-आठ माणसं. साहेबांनी आधी नाव विचारलं. ते सांगायला तिला इतका वेळ लागला, की एका माणसानं पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं तो घेतला नाही. नाव पुरं सांगितलं, आडनावासकट. मग गुळाचं सांगितलं, पत्रांचं सांगितलं. कुठल्या माणसाला कुठलं पत्र जातं आणि का जातं, कधी मुद्दाम एकही जात नाही, ते सांगितलं. बैठक ठरली होती त्याहून लांबली. कुणी उठलं नाही. गूळ आहे तसा, आहे त्या रंगाचा घ्यायचं ठरलं. पत्ते मागितले नाहीत. साहेब म्हणाले, पिशवीवर तुमच्याच पहिल्या पत्रातली वाक्यं छापा.

दसरा चौक ओलांडला, बिंदू चौक मागं पडला. मधेच एखादा शब्द अडायचा, तेव्हा आम्ही दोघं फुटपाथवर थांबायचो. लोक बाजूनं निघून जायचे. शब्द आला की पुन्हा चालायचो.

आमची गल्ली आली तरी तिचं संपलं नव्हतं. दिव्याखाली मालन उभी होती, काळजीनं अर्धी झालेली, पायरी उतरून आमच्याकडं यायला निघालेली. मी तिला लांबनंच हातानं थांब म्हटलं, आणि आम्ही बापलेकीनं घरावरनं पुढं जाऊन पेठेला आणखी एक वळसा घातला.